रोगराईची माय

वॉरहॅमर नावाच्या इंग्रजी खेळात नर्गल नावाचा देव आहे. सडणं, कुजणं, साथी ही त्याची खाती. तरी त्याचे भक्त त्याला लाडानं आजोबा म्हणतात, कारण कुजलेल्यातूनच नवं उगवतं आणि हा देव द्यायला हात आखडत नाही. पोरं हे अचंब्यानं सांगतात. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आपल्या आंजी (मोठी) गावात त्याचं नवल कशाला वाटावं? तिकडे आजोबा, इकडे माय, एवढंच.

आपली मातामाय घ्या. अंगावर फोड उठले की घरात ‘माता आली’. मग औषधापेक्षा पाहुणचार मोठा: उशाशी कडुलिंबाचा डहाळा, नैवेद्याला दहीभात, चुलीवर फोडणी बंद. कोपली तर माणूस नेते, निवली तर उठवून बसवते. आणि पीक पिकू दे, पाळणा हलू दे, हे नवसही तिलाच. देवीचा रोग 1975 नंतर देशात उरला नाही, 1980 साली जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. पण मातामाय काही बेकार झाली नाही. शेत आणि पाळणा तिच्याकडे होतेच की!

रोगराई आणि भरभराट एकाच हाती, ही गोष्ट पोळ्याला सगळ्यांत उघड दिसते. आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानानं तूप-हळद लावून बैलाची खांद शेकायची. पोळ्याला त्याच पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, दारात उभ्या करायच्या. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे घरातली ढेकणं-डास, खोकला-ताप सगळं त्यांच्यावर लादून, आरडाओरडा करत शिवेबाहेर. ही मारबत. संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार. आपल्या वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा नावाजलेला. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे आणखी पुतळ्यांवर, महागाई-भ्रष्टाचारही चढतात. काहीजण मारबतीला पूतना मानतात. मला ते पटतं: विष पाजायला आली तीही दूध पाजणारी होऊनच आली.

इथवर मी या मिथकाच्या बाजूचा आहे. त्यात रोगाला मारत नाहीत, मान देऊन वाटेला लावतात. नर्गलपेक्षा हे जास्त समजूतदार वाटतं. माझी तक्रार शिवेबद्दल आहे. आपल्या शिवेबाहेर म्हणजे कोणाच्या शिवेत? साथीची देवी मरीआई, तिचा गाडाही असाच पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचे, ते गाव त्याच्या पुढच्या.

कापसात हा हिशेब अंगाशी येतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची बोंडं आतून पोखरली. या अळीला कुजकं राखून ठेवणारे लागतात, आणि ते आपण आहोत. जास्तीच्या वेचणीच्या आशेनं फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी शेतात उभीच, तिथे तिची पुढची पिढी पोसली जाते. उपटलेली पऱ्हाटी जळतणाला धुऱ्यावर रचतो. तिच्यातल्या किडक्या बोंडांत अळी निवांत झोपते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन उडते. एकट्यानं शेत साफ करून भागत नाही, शेजाऱ्याचं फरदड असेल तर पतंग धुरा ओलांडतोच.

मारबतीला निम्मं गाव पहाटे उठून एकत्र येतं. ग्रामसभेला एवढी माणसं जमत नाहीत. फांद्या टाकून परतताना तिथेच, शिवेवर उभं राहून, यंदा फरदड कोणीच ठेवायचं नाही एवढं ठरवता येईल. आणि शिवेपलीकडच्या गावालाही त्याच पहाटे बोलवावं.

– शिवारकर