वाडी रिकामी असतां गणती कोणाची?

पनवेल सुधारलें, असा डांगोरा हल्लीं जिकडे तिकडे पिटला जात आहे. २०१६ सालीं महानगरपालिका झाली, २०२५ सालीं विमानतळाचें उद्घाटन झालें, हें सर्व खरें. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याच्या कातकरी वाड्यांपर्यंत या सुधारणेचा किती अंश पोंचला, हें मोजावयाचें कोणी?

सरासरी काढून तें कळणार नाहीं. पांच घरांत मिळून पांच भाकरी. एकानेंच पांचहि खाल्ल्या, तरी दर घरीं सरासरी एकच येते. गणित बरोबर, आणि चार घरें उपाशीं! तालुक्याच्या आंकड्यांत वाडीची भूक अशीच जिरून जाते.

खैराचा कात काढून पोट भरणारी ही जमात. इंग्रजी अमलांत जंगलें राखीव झालीं आणि तिचा धंदा बुडाला. आतां दिवाळी सरली कीं उचल घेऊन वीटभट्टीवर नाहीं तर कोळशाच्या भट्टीवर जावें, आणि पावसाच्या तोंडावर परत यावें. झोपडीखालची जमीन पुष्कळदां दुसऱ्याची. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार बंद झाली, पण उचलीची वही मिटली नाहीं.

आमच्या हजेरीपटांत जें पोर महिनोन्‌महिने गैरहजर, तेंच अंगणवाडीच्या वजनाच्या वहींत हलकें दिसतें. उचलीवरून मारहाण झाली, नवऱ्यानें दारू पिऊन बायकोस मारलें, अशी बातमी गांवांत आली, तर पुष्कळदां घर तेंच! शहाणे म्हणतात, "पितात म्हणून दरिद्री राहतात." आम्ही वीस वर्षें हजेरी घेत आहों, आम्हांस क्रम उलटा दिसतो. आधीं कर्ज, मग भट्टी, मग उपास आणि खोकला, मग दारू आणि मार.

हें कातकऱ्यांच्या रक्तांतच आहे काय? मग विलायतेंतील ग्लासगो शहराकडे पाहा. तेथील काल्टन या गरीब वस्तींत जन्मलेला मुलगा जवळच्याच सधन लेन्झींतील मुलापेक्षां सरासरीनें २८ वर्षें कमी जगतो, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानें २००८ सालीं दाखवून दिलें. त्याच शहरांत चाकूचे खून फार. २००५ सालीं तेथील पोलिसांनीं मारामारीकडे साथीच्या रोगासारखें पाहण्याचें ठरविलें, आणि दवाखाना, शाळा व पोलीस एकत्र बसले. पुढें खून बरेच कमी झाले. आमच्याकडे काय झालें? १८७१ च्या कायद्यानें जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि तो कायदा जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. तेव्हां गुन्हा मोजला. भूक मोजली नाहीं!

आतां मोजतात, पण अपुरें. निती आयोगाच्या दारिद्र्य निर्देशांकांत १२ कसोट्या आहेत. पोषण, शाळा, शौचालय, वीज, बँकेचें खातेंसुद्धां विचारलें जातें. डोक्यावर उचल किती आणि झोपडीखालची जमीन कोणाची, हें त्यांत नाहीं. ज्या दोन दोरांनीं माणूस बांधला आहे, तेच सुटले!

पुढील जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेंत सर्व जाती मोजल्या जाणार, म्हणून बहुजनसमाजास मोठी आशा वाटते, आम्हांसहि वाटते. परंतु त्या दिवसांत कातकरी कोठें असतो? भट्टीवर! वाडींत म्हातारीं आणि कुत्रीं. गणकाचें काम बहुधा आम्हां मास्तरांकडेच येतें. वाडी रिकामी पाहून आम्ही परत फिरलों आणि भट्टीवर कोणी गेलेंच नाहीं, तर हीं माणसें सरकारच्या लेखीं जन्मलींच नाहींत.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. गणकांनीं प्रत्येक भट्टीवर जावें. हजेरीपट, वजनाची वही आणि तंट्यांची नोंद, माणसांचीं नांवें झांकून, वाडीवार एका मेजावर मांडावी. आणि ती वाचली जाईल तेव्हां कातकरी बाया समोर बसलेल्या असाव्या. खोटें आढळलें तर त्याच सांगतील.

मास्तरबंधूंनो, पेन्सिल आपल्या हातांत आहे. रिकामी झोपडी दिसली तर "कोणी नाहीं" असें लिहूं नका. "कोठें गेलीं?" असें विचारा, आणि तेथवर चालत जा.

— एक खेड्यांतील शाळामास्तर, तालुका पनवेल