व्हिडीओ पुढे पाठवण्याआधी: जामनेरचे प्रकरण आणि कडक कायद्याची मागणी

अल्पवयीन मुलांच्या लैंगिक चित्रणाविरुद्ध कायदा आणखी कडक करा, ही मागणी प्रत्येक मोठ्या घटनेनंतर होते. चाळीसगाव-पाचोऱ्याच्या आपल्या ग्रुपवरही होते. मागणी चुकीची नाही. पण आपल्या मुलांच्या बाबतीत प्रश्न शिक्षेच्या वर्षांचा कमी आणि आपल्याच मोबाईलचा जास्त आहे, असे आमचे मत आहे.

जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यात विहिरीत पोहले म्हणून दलित समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून पट्ट्याने मारले गेले. त्याचे चित्रीकरण झाले आणि तो व्हिडीओ देशभर फिरला. (गावाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही.) राहुल गांधी यांनी तो ट्विट केला, तेव्हा महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस काढली.

राज्यात तेव्हा भाजपचे सरकार होते, त्यामुळे नोटीस म्हणजे राजकारण, असे म्हणण्याचा मोह आपल्याला आजही होतो. पण कायद्याचे काय? पोक्सोच्या कलम २३ नुसार माध्यमांतून पीडित मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ तेच सांगते. हेतू निषेधाचा होता म्हणून मुलाचा चेहरा झाकला जात नाही. तो व्हिडीओ अत्याचार करणाऱ्यांइतकाच आपणही फिरवला, ‘जय भीम’ लिहून फिरवला.

यावर कार्यकर्ते विचारतात, व्हिडीओ नसता तर पोलीस हलले असते का? प्रश्न खरा आहे. अनेक ठाण्यांत ॲट्रॉसिटीची फिर्याद घेताना काय होते ते आपण जाणतो. पण पुरावा देणे वेगळे आणि प्रसार करणे वेगळे. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. व्हिडीओ लेखी अर्जासोबत त्याच्याकडे द्यावा, पोच घ्यावी. पोक्सोचे कलम १५ मुलांचे अश्लील चित्रण पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते, पण तक्रार करण्यासाठी किंवा न्यायालयात पुरावा म्हणून वापरण्यासाठी मोकळीक ठेवते. मारहाणीचा व्हिडीओ या व्याख्येत बसतो का, यावर वकील वाद घालतील. ओळख उघड करण्याबद्दल वाद नाही.

आता कडक कायद्याकडे येऊ. फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले, पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही. त्यावरून सगळ्याच पक्षांनी एकमेकांना दोष दिला. त्याआधी २०१९ मध्येच पोक्सोत दुरुस्ती होऊन संगणकावर तयार केलेले, पण खऱ्या मुलासारखे दिसणारे चित्रही गुन्ह्यात आले होते. म्हणजे आज एआयने बनवलेल्या बनावट फोटोंसाठी कायदा नाही, असे नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ हा शब्दच सोडा, त्यात संमतीचा भास होतो, हे शोषण आणि अत्याचार आहे असे म्हणा, अशी सूचना संसदेला केली. आम्हाला हा निकाल फाशीच्या घोषणेपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक सावधगिरी. संमतीचे वय १८ असताना आंतरजातीय प्रेमप्रकरणात मुलीच्या घरचे पोक्सो लावतात. मुलाच्या फोनमध्ये तिचा फोटो सापडला की कलमे वाढतात. शिक्षा नुसती वाढवली, तर वस्तीतला १९ वर्षांचा पोरगा आधी आत जाईल. पैशासाठी चित्रण विकणारा सापडेलच असे नाही.

१९२९ मध्ये चाळीसगावला बाबासाहेबांचा टांगा उलटला. तो प्रसंग त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत लिहिला, म्हणून आपल्याला माहीत आहे. जामनेरच्या मुलांना काय सांगायचे होते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? त्यांचा अपमान मात्र आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये होता.

असा व्हिडीओ आला तर पुढे पाठवू नका. १०९८ वर कळवा, किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर, जिथे नाव न देताही तक्रार करता येते. ॲट्रॉसिटी नियमांनुसार जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी किमान एकदा व्हायला हवी. उपविभागासाठीही अशी समिती आहे. चाळीसगावच्या प्रांत कार्यालयात अर्ज देऊन मागच्या बैठकीचे इतिवृत्त मागता येईल. पोक्सोचे किती खटले एका वर्षाच्या मुदतीत संपले आणि किती फोन अजून न्यायवैद्यक तपासणीत अडकलेत, हेही त्याच अर्जात विचारा.