कीबोर्ड निवडावा कानाने आणि बोटांनी

भिलाईत बरीच घरे घड्याळापेक्षा पाळीवर चालतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी रात्री झोपत नाही, त्यामुळे तिच्याजवळ काम करणारा माणूसही रात्री जागतो आणि दिवसा झोपतो. त्या वेळेत सेक्टरमधल्या क्वार्टरात सगळे दबक्या आवाजात बोलतात, टीव्ही बंद असतो, कुकरची शिटीही नकोशी वाटते. अशा दोन खोल्यांच्या घरात मुलीला टायपिंगच्या परीक्षेची तयारी करायची असेल, तर कीबोर्ड घेताना पहिला प्रश्न वेगाचा नसतो. तो आवाजाचा असतो.

ही तयारी हौसेची नव्हे. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ लिपिक पदासाठी दहा मिनिटांची टंकलेखन चाचणी असते. तिथे इंग्रजीत मिनिटाला ३५ किंवा हिंदीत ३० शब्दांचा वेग लागतो, म्हणजे तासाला अनुक्रमे १०,५०० आणि ९,००० वेळा बटण दाबण्याची गती. नागपूरकडे नातेवाईक असलेली भिलाईतली मराठी मुले महाराष्ट्रातल्या लिपिक-टंकलेखक पदांकडेही डोळा ठेवून असतात. तिथे मराठीला ३० आणि इंग्रजीला ४० शब्द लागतात. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही या दहा मिनिटांत बोटे अडखळली, की सारे मुसळ केरात. म्हणून रोज दोन तास सराव आणि म्हणून चांगल्या कीबोर्डचा विचार.

मग घरातले कोणी वडीलधारे सांगतात, ‘आमच्या वेळी टाइपरायटर होता, बोटांना वळण लागायचे!’ त्यात तथ्य आहे. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांनी त्या खडखडाटात नोकऱ्या मिळवल्या. बटण कागदापर्यंत पोहोचले की नाही, हे तिथे बोटाला आणि कानाला एकदमच कळे. संगणकासोबत मिळणाऱ्या साध्या कीबोर्डमध्ये हे सुख हरवले. त्यात बटणांखाली रबराच्या लहान टोप्या असतात, त्या दबल्या की खालच्या पातळ पडद्यावर अक्षराची नोंद होते. बोटाला लागतो तो सारा मऊपणा, चिखलात पाय पडावा तसा. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये मात्र प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. बटण साधारण दोन मिलिमीटर खाली गेले की अक्षर उमटते. तळ गाठायला आणखी तेवढेच अंतर उरते.

या स्विचना रंगांची नावे आहेत. ती रूढ केली चेरी या जर्मन कंपनीने. आता चिनी कंपन्याही त्याच धर्तीचे स्विच बनवतात, त्यामुळे किमती पुष्कळ उतरल्या आहेत. निळा स्विच दाबला की आतला एक छोटा तुकडा सरकून ‘टिक्’ असा स्पष्ट आवाज करतो आणि बोटाला हलका अडथळाही जाणवतो. तपकिरी स्विचमध्ये अडथळा असतो, टिक् नसते. लाल स्विच सरळ खाली जातो, ना अडथळा ना टिक्. चेरीच्या निळ्याला सुमारे ६० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो, लालला सुमारे ४५. फरक किरकोळ वाटेल, पण दोन तासांच्या सरावानंतर करंगळीला विचारून पाहावे.

आपल्याकडच्या बँका, कचेऱ्या आणि छपाईच्या दुकानांतून टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड वर्षानुवर्षे खडखडत आला आहे. तो निळ्या वळणाचा. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना तो माहेरच्यासारखा वाटतो, आणि दुकानदारही विद्यार्थ्यांपुढे हमखास तोच ठेवतो. स्वतंत्र खोली असेल तर तो खुशाल घ्यावा. मात्र रात्रपाळी करून आलेला माणूस भिंतीपलीकडे झोपला असेल, तर निळा स्विच घरात आणू नये, मग तो कितीही नावाजलेला असो. वैतागलेले घर चार दिवसांत सराव बंद पाडते आणि तीन हजारांची वस्तू माळ्यावर जाते. अशा घराला तपकिरी बरा. बोटाला टाइपरायटरची आठवण राहते आणि झोपणाऱ्याची झोपही.

आवाजाविषयी आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. टिक् नसलेला कीबोर्ड म्हणजे मुका कीबोर्ड नव्हे. अर्ध्याहून अधिक खटखट बटण तळाशी आपटल्याने होते, आणि आपटणारे आपण असतो. अक्षर अर्ध्या वाटेवरच उमटते हे बोटांना उमगले की हात हलका पडतो, आवाज घटतो आणि वेगही वाढतो. टेबलाचाही वाटा असतो. पोकळ प्लायवूडचे टेबल तबल्यासारखे बोलते. कीबोर्डखाली जाड टॉवेलची घडी घातली की फरक लगेच कळतो, पैसा न खर्चता! त्याच टॉवेलचे दुसरे टोक गुंडाळून पुढे ठेवले तर मनगटालाही टेकू मिळतो. मेकॅनिकल कीबोर्ड साध्यापेक्षा उंच असतो, त्यामुळे हा टेकू लागतोच.

ऋतूचेही भान ठेवावे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की भिलाईतल्या घराघरांत कूलर घरघरत असतात. त्या आवाजात निळा स्विचही खपून जातो. डिसेंबरच्या नीरव रात्री तोच कीबोर्ड शेजारच्या क्वार्टरपर्यंत पोहोचतो. सुपेल्याच्या भर रस्त्यावरच्या दुकानात, ट्रकांच्या गोंगाटात केलेली आवाजाची परीक्षा म्हणूनच फसवी ठरते. शक्य असेल तर दुकानाच्या आतल्या खोलीत, दार लावून ऐकावे.

ऐकायचे काय? एकच बटण टकटक करून पाहणे पुरेसे नाही. पाठ असलेला एखादा उतारा सरळ पाच मिनिटे टाइप करावा. स्पेस, एंटर आणि शिफ्ट या लांब बटणांकडे विशेष कान द्यावा. त्यांच्या आत एक तार असते. ती सैल असेल तर बटण खुळखुळते, आणि हा खुळखुळाट वापराने सहसा वाढतच जातो. लांब बटण कडेला दाबून पाहावे, तिथेही ते सहज खाली गेले पाहिजे. काही स्विचमधून स्प्रिंगचा बारीक ‘टिंग’ ऐकू येतो. दिवसा तो कळत नाही, रात्री मात्र डोक्यात जातो.

आता पैशाचे गणित. खोक्यावर ‘५ कोटी दाब’ असे छापलेले असते आणि विक्रेता ते बोट ठेवून वाचून दाखवतो. तासाला ९,००० दाबांच्या गतीने दोन तासांत १८,००० दाब होतात. त्यांतला सहावा भाग स्पेसचा धरला तर दिवसाला ३,०००, वर्षाला सुमारे ११ लाख. या हिशेबाने ५ कोटी व्हायला ४५ वर्षे लागतील! तेव्हा ५ कोटी की १० कोटी यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. त्याआधी अक्षरे पुसली जातात, वायर तुटते, नाहीतर आत धूळ बसते. कारखान्याच्या गावात धुळीला तोटा नाही. बटणांच्या टोप्या सहज काढता याव्यात, म्हणजे महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करता येते. अक्षरे वर छापलेली नसून टोपीतच दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकने घडवलेली असतील, तर ती पुसली जात नाहीत. चार पैसे जास्त द्यायचे तर यासाठी द्यावेत. रंगीत दिव्यांसाठी नव्हे.

‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी-मेकॅनिकल’ असे लिहिलेल्या मालापासून सावध राहावे. दिसायला झगमगीत, आत तेच रबर. दुकानदाराला एक टोपी काढून दाखवायला सांगावी. खाली प्रत्येक बटणाची स्वतंत्र डबी दिसली तर स्विच खरा. काही कीबोर्डमध्ये बिघडलेला स्विच नुसता उपटून नवा बसवता येतो. नसेल तर सोल्डरिंग करणारा कारागीर लागतो. दीड-दोन हजारांपासून चांगली वस्तू मिळते. साधा रबरी कीबोर्ड पाचशेच्या आत येतो, आणि ओढाताण असेल तर त्यावरही परीक्षा उत्तीर्ण होता येते, हे लपवण्याचे कारण नाही.

मराठी उमेदवारांसाठी एक वेगळी अडचण. भिलाईत हिंदी टायपिंगचे वर्ग मिळतात, पण हिंदीच्या उताऱ्यांत ‘ळ’ येत नाही. इनस्क्रिप्ट मांडणीत तो ‘ल’च्याच बटणावर, शिफ्टसह आहे. मराठीत ‘शाळा, वेळ, सगळे’ म्हणता म्हणता ओळीला दोनदा शिफ्ट दाबावे लागते. म्हणून दुकानात डाव्या शिफ्टचा स्पर्श करंगळीने तपासावा आणि घरी सरावाला मराठी वर्तमानपत्राचा उतारा घ्यावा. टोप्यांवर देवनागरीचे स्टिकर चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांच्या कडा बोटाला अडतात आणि नजर खाली खिळते.

परीक्षेला आपला कीबोर्ड चालत नाही. आयोगाच्या चाचणीत संगणक केंद्रावरचाच असतो आणि समोर येतो तो बहुधा जुना, रबरी कीबोर्ड. मेकॅनिकलवर हलका झालेला हात त्यावर अर्धवट दाबतो आणि अक्षरे गळतात. तेव्हा शेवटचे तीन आठवडे मेकॅनिकल बाजूला ठेवून, ओळखीच्या सायबर कॅफेत किंवा शेजाऱ्यांकडे मिळेल त्या साध्या कीबोर्डवर रोजची दहा मिनिटे घड्याळ लावून टाइप करावे.