उलाळ गाडीचें निदान

या महिन्याच्या लेखास जळगांवच्या एका एकत्र कुटुंबांतून आलेलें पत्र निमित्त झालें आहे. त्या घरीं एक जुनी प्रवासी मोटार आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं घरच्या कर्त्या पुरुषानें हलक्या ट्रकचा सांगाडा घेऊन त्यावर ती मुद्दाम बांधवून घेतली. आंत सहा जणांस निजण्याच्या फळ्या, शेगडीचा ओटा, भांड्यांचें फडताळ आणि अगदीं मागें पाण्याची टांकी. या चालत्या घरांतून पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर अशा अनेक यात्रा झाल्या. आतां तो कर्ता पुरुष नाहीं. त्यांच्या पत्नी ऐंशीच्या घरांत आहेत. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहींत. मुलानातवंडांसह आणखी एकदां त्याच गाडीनें ओंकारेश्वरास जावें, एवढीच त्यांची इच्छा आहे.

परंतु गाडी सरळ चालत नाहीं. एरंडोल सोडून पारोळ्याच्या रस्त्यास लागलें कीं ती डावीउजवीकडे भरकटूं लागते. गाडी मधले बंधु चालवितात. थोरले म्हणतात, दोष हाताचा आहे. धाकटे म्हणतात, गाडी भंगारांत द्यावी. तीन मिस्त्र्यांनीं तीन उपाय सांगितले: एकानें स्टिअरिंगची पेटी नवी घालावयास सांगितली, दुसऱ्यानें मागच्या पाट्यांत एक जादा पाटा, आणि तिसऱ्यानें अलाइनमेंट. पत्र मधल्या सूनबाईंनीं लिहिलें आहे. त्या म्हणतात, "गाडीपेक्षां घरांतील बोलणींच आतां अधिक भरकटूं लागलीं आहेत. आम्हीं कोणाचें ऐकावें?"

पत्राचें उत्तर मीं लगेच पाठविलें. परंतु अशा जुन्या गाड्या पुष्कळ घरीं आहेत, म्हणून तोच विचार येथें सविस्तर मांडतों.

प्रथम या गाड्यांची जात ओळखावी. १९८५ च्या आगेंमागें आपल्या देशांत हलक्या ट्रकांचें नवें युग सुरू झालें. जपानी सहकार्यानें चार कारखाने उभे राहिले, आणि १९८६ सालीं टेल्कोनें आपली ४०७ गाडी बाजारांत आणली. त्या काळच्या अशा सांगाड्यांवर लोकांनीं शाळेच्या बसेस, रुग्णवाहिका आणि यात्रेच्या गाड्या बांधविल्या. सूनबाईंच्या गाडीचा सांगाडा कोणत्या कारखान्याचा, हें येथें प्रस्तुत नाहीं. कारण पुढें दिसेल कीं, मुख्य दोष सांगाड्याचा नव्हता.

अशा गाडीच्या पुढच्या भागीं बहुधा एकच अखंड लोखंडी आंस असतो व तो दोन्ही बाजूंस पाट्यांवर बसविलेला असतो. आंसाच्या दोन्ही टोकांस उभे खिळे असतात. त्यांस किंग पिन म्हणतात. या खिळ्यांभोंवतीं चाकें वळतात. चालकाच्या हातांतील चक्राची गति पेटींत येते, पेटीबाहेरच्या दांड्यानें ड्रॅग लिंकला मिळते, त्यांतून एका चाकास आणि टाय रॉडनें दुसऱ्या चाकास पोंचते. वळतांना आंतल्या चाकास बाहेरच्यापेक्षां अधिक वळावें लागतें. ही युक्ति म्युनिक येथील लांकेन्स्पर्गर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्यानें काढली व तिचें पेटंट आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत घेतलें. तेव्हां ती घोडागाडीसाठीं होती. आज प्रत्येक मोटारींत आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, चालकाच्या हातापासून रस्त्यापर्यंत दहाबारा सांधे आहेत. त्यांतील कोणताहि एक सैल झाला तरी हातास लागणारें लक्षण पुष्कळदां सारखेंच असतें. मिस्त्र्यांची मतें भिन्न होतात तीं यामुळें.

म्हणून लक्षणाचें नांव आधीं नीट घ्यावें. "गाडी नीट चालत नाहीं" हें लक्षण नव्हे, ती तक्रार झाली. गाडी सतत एकाच बाजूस ओढत असेल तर टायरमधील कमीजास्त हवा, कोठें तरी घासत राहिलेला ब्रेक किंवा तुटलेला पाटा पाहावा. ब्रेक दाबतांच ओढत असेल तर दोन बाजूंचे ब्रेक विषम आहेत. विशिष्ट वेगास चक्र थरथरत असेल तर चाकांचा तोल, सैल किंग पिन अथवा टाय रॉडचा सांधा संशयास्पद. चक्र जड लागत असेल तर पुढें हवा कमी आहे, किंग पिन कोरडे पडले आहेत किंवा पेटी फाजील आवळलेली आहे. आणि कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे जाऊन सारखें सांवरावें लागत असेल, तर त्याचें नांव भरकटणें. सूनबाईंच्या गाडीचा विकार हा शेवटचा.

आतां निदानाची रीत. आमच्या न्यायशास्त्रांत कारण ठरविण्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असतां कार्य असावें, हा अन्वय. कारण काढून घेतां कार्यहि नाहींसें व्हावें, हा व्यतिरेक. दोन्ही लागू पडल्या तर कारण ठरलें. गाडीच्या बाबतींत याचा अर्थ असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें, त्याच माणसांसह पुन्हां चालवून पाहावें. तिन्ही मिस्त्र्यांचे उपाय एकदम केले आणि गाडी सुधारली, तरी कोणत्या उपायानें ती सुधारली हें कळणार नाहीं. न सुधारली तर पैसेहि गेले आणि ज्ञानहि नाहीं. शिवाय प्रारंभ अशा गोष्टींपासून करावा, जिला खर्च नाहीं आणि जी पुन्हां पूर्ववत् करतां येते.

अशी पहिली गोष्ट टायर. हवा सकाळीं, गाडी थंड असतां, चाकावरील भार पाहून कारखान्याच्या कोष्टकाप्रमाणें भरावी. खानदेशच्या वैशाखांत रस्त्यावर धांवलेल्या टायरांतील हवा तापून दाब वाढतो; तो वाढला म्हणून वाटेंत हवा सोडूं नये, कारण गाडी थंड होतांच ती कमी पडते. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. ०९१४ असें असेल तर तो टायर २०१४ सालच्या नवव्या आठवड्यांतील. यात्रेची गाडी वर्षांतून थोडीच फिरते, म्हणून नक्षी शाबूत दिसते. परंतु रबर वयानें कडक होतें व त्यास भेगा पडतात. झीजहि वाचावी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्यभाग झिजला तर हवा अधिक. आणि हात आडवा फिरवितां करवतीसारखे दांते लागले तर पुढचीं चाकें परस्परांस समांतर नाहींत.

दुसरी गोष्ट ओझें. येथें मोटारीचे ग्रंथ घटकाभर बाजूस ठेवून बैलगाडीकडे पाहावें. मागें ओझें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते. जूं वर उचलतें, बैलांच्या खांद्यावर भार राहत नाहीं, आणि मग बैल कितीहि गुणी असले तरी गाडी त्यांच्या कह्यांत राहत नाहीं. आमच्याकडील कोणताहि गाडीवान कापसाचीं गांठोडीं भरतांना हें पाहतो. मोटारींत बैलांच्या जागीं पुढचीं चाकें आहेत. त्यांवर पुरेसा भार असेल तरच तीं रस्ता धरतात.

याचा हिशेब शाळेंतील तरफेच्या नियमानें होतो. पुढच्या व मागच्या आंसांत ३ मीटर अंतर आहे असें धरूं. पाण्याची टांकी ३०० लिटरची, म्हणजे भरल्यावर ३०० किलोची, आणि ती मागच्या आंसाच्या मागें १.२ मीटरवर टांगलेली. ३०० गुणिलें १.२ म्हणजे ३६०. त्यास ३ नीं भागितां १२०. म्हणजे ही टांकी पुढच्या चाकांवरून १२० किलो भार उचलून घेते आणि मागच्या आंसावर ३०० नव्हे, तर ४२० किलो टाकते. तीच टांकी मागच्या आंसाच्या पुढें १ मीटरवर बसविली तर पुढच्या चाकांवर उलट १०० किलो वाढतात. म्हणजे एकाच टांकीच्या जागेनें पुढच्या चाकांवर २२० किलोंचा फरक पडतो! शिवाय अशा उंच, सपाट भिंतींच्या गाडीस बाजूनें केळ्यांचा भरधांव ट्रक गेला कीं वाऱ्याचा धक्का बसतो. पुढचीं चाकें हलकीं असतील तर तो तिला सोसत नाहीं.

हें कागदावरच ठेवण्याचें कारण नाहीं. जळगांवांत डाळीच्या गिरण्या आणि आसपास जिनिंगचे कारखाने असल्यामुळें भुईकांटा शोधावा लागत नाहीं. आधीं केवळ पुढचीं चाकें कांट्यावर घ्यावीं, मग सबंध गाडी. टांकी भरलेली असतां एकदां आणि रिकामी असतां एकदां असें तोलावें. अल्प खर्चांत सर्व हिशेब हातीं येतो.

तिसरी गोष्ट सांध्यांतील खेळ. गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक ओढून, मागच्या चाकांस दगड लावून, इंजिन बंद ठेवावें. एकानें चक्र डावीउजवीकडे थोडें थोडें हलवावें आणि दुसऱ्यानें खालून पाहावें. चक्रापासून चाकापर्यंत गति कोणत्या सांध्याशीं हरवते, हें डोळ्यांस दिसतें आणि बोटांसहि लागतें. पुष्कळ ठिकाणीं खेळ दिसतांच पेटीवरचा स्क्रू आवळून देतात. हें करूं नये. दोष बाहेरच्या सांध्यांत असला तर तो तसाच राहतो, पेटी मात्र मध्यभागीं अडकूं लागते आणि वळल्यावर चक्र आपण होऊन परत येत नाहीं. भरकटण्याचा तो एक नवा दोष जन्मास येतो.

किंग पिनची परीक्षा तर न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यानें मुद्दाम पाहावी अशी आहे. पुढचें चाक जॅकनें उचलून आंसाखालीं मजबूत ठोकळे द्यावे. केवळ जॅकवर विसंबूं नये. मग चाक वर आणि खालीं दोन्ही हातांनीं धरून हलवावें. खळखळ लागली तर दुसऱ्यास ब्रेक दाबून धरावयास सांगून पुन्हां हलवावें. ब्रेक दाबतांच खळखळ नाहींशी झाली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तशीच राहिली, तर किंग पिनचा. कारण ब्रेकनें चाक व त्याचा आधार एकजीव होतात आणि बेअरिंगचा खेळ बाद होतो. किंग पिन झिजतात ते बहुधा वंगणाअभावीं. जुना गाडीवान वंगणाचें नळकांडें गाडीखालीं टांगून फिरत असे. मोटारीचा मालक वंगण द्यावयाच्या जागा कोठें आहेत हेंहि पुष्कळदां जाणत नाहीं.

चौथी गोष्ट पाटे. पाट्यांस आंसाशीं बांधणारे यू-बोल्ट सैल झाले किंवा मधला खिळा तुटला, तर आंस किंचित् सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंचें पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर दोरीनें मोजतां हें कळतें. मागें जादा पाटा घालण्याचा सल्ला येथें तपासून पाहावा. त्यानें मागची बाजू उंच होते, गाडी पुढें कलते आणि किंग पिनला मागच्या बाजूस जो कल दिलेला असतो तो कमी होतो. त्या कलामुळेंच चाकें आपण होऊन सरळ येतात. म्हणजे भरकटणें थांबविण्याचा हा उपाय तेंच वाढवूं शकतो. अलाइनमेंट आवश्यक खरी, परंतु ती सर्वांत शेवटीं. सैल सांध्यांवर घेतलेलें माप दुसऱ्या दिवशीं खरें राहत नाहीं.

हा क्रम सूनबाईंस कळविला आणि आणखी एक सुचविलें कीं, प्रत्येक चाचणींत मधल्या बंधूंच्या मागोमाग थोरल्यांनींहि गाडी चालवावी. पहांटे, मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगानें, मुलांना घरीं ठेवून. तीन रविवार गेल्यावर उत्तर आलें. पुढच्या दोन टायरांतील हवा विषम निघाली. ती सारखी करतां डावीकडची ओढ गेली, पण भरकटणें राहिलें. टांकी रिकामी केली. एरंडोल ते पारोळें हा रस्ता गाडीनें जवळजवळ सरळ कापला. टांकी पुन्हां भरली. दोष परत आला, आणि त्या वेळीं चक्र थोरल्यांच्या हातांत होतें. उरलासुरला खेळ डाव्या किंग पिनचा ठरला. पेटी निर्दोष निघाली. टायर दहा वर्षांहून जुने असल्यामुळें ते बदलण्याचें ठरलें. टांकी मध्यभागीं, मागच्या आंसाच्या पुढें बसविण्यास दिली आहे. नव्या पेटीचा खर्च वांचला. सूनबाई लिहितात कीं, पारोळ्याहून परत येतांना थोरले बंधु कांहीं बोलले नाहींत. घरीं आल्यावर मात्र भुईकांट्याच्या चिठ्ठ्या त्यांनीं स्वतः मातोश्रींस वाचून दाखविल्या.

शेवटीं एक सूचना. चक्र अकस्मात् अडकणें, मूठभर खेळ एका दिवसांत वाढणें, सांध्याची पिन निघालेली दिसणें, पाटा तुटणें किंवा टायरच्या कडेस फुगा येणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास प्रयोग करूं नयेत. गाडी आहे तेथेंच उभी करून जाणत्या मिस्त्र्यास तेथें आणावें. लळिंगसारख्या घाटाच्या उतारावर अन्वय-व्यतिरेक पाहण्यास सवड मिळत नाहीं.

असो. किंग पिन व टायर बसून, अलाइनमेंट होऊन, टांकी भरून गाडी एकदां धुळ्यापर्यंत जाऊन येईल आणि मगच मातोश्रींस घेऊन ओंकारेश्वरास निघेल असें त्या घरीं ठरलें आहे. जातांना चालवावयाची मधल्यांनीं आणि येतांना थोरल्यांनीं, हेंहि मातोश्रींनींच ठरविलें आहे.