जोसेफसची साक्ष आणि तिचे उतावळे वकील

येशू ख्रिस्त ही ऐतिहासिक व्यक्ति होती काय, हा वाद निघाला कीं बायबलाबाहेरील प्राचीन लेखांची साक्ष काढण्यांत येते. साक्षीदार थोडे आहेत. परंतु दोन्ही पक्षांस वकील मात्र फार उतावळे लाभले आहेत, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

प्रथम श्रद्धाळू पक्ष घेऊं. त्याचें आवडतें प्रमाण म्हणजे यहुदी इतिहासकार जोसेफस. त्यानें इ. स. ९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या यहुद्यांच्या प्राचीन इतिहासाच्या अठराव्या भागांत येशूविषयीं एक उतारा आहे. येशू हाच ख्रिस्त होता व तिसऱ्या दिवशीं तो पुन्हां जिवंत दिसला, असें त्यांत म्हटलें आहे. जन्मभर यहुदीच राहिलेल्या माणसाची ही भाषा असेल काय? तिसऱ्या शतकांतील ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित तर जोसेफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता, असें स्पष्ट लिहितो. आणि आजच्या स्वरूपांत हा उतारा प्रथम भेटतो तो चौथ्या शतकांत, युसेबियसच्या ग्रंथांत. मध्यंतरीं कोणा भाविकाच्या लेखणीनें त्यांत भर घातली, असेंच बहुतेक विद्वान् मानतात. हें ठाऊक असूनही जे तो उतारा अक्षरशः खरा म्हणून पुढें करतात, ते आपल्या धर्माची सेवा करीत नसून त्याच्या वैऱ्यांच्या हातीं आयतें शस्त्र देत आहेत.

पण वैऱ्यांची घाईही कांहीं कमी नाहीं! दोन वाक्यें प्रक्षिप्त ठरलीं कीं सारा उताराच, नव्हे येशूच कल्पित, अशी त्यांची उडी. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरींतील अपपाठ काढून प्रत शुद्ध केली. ती गोदावरींत बुडविली नाहीं. जोसेफसच्याच ग्रंथाच्या विसाव्या भागांत, इ. स. ६२ मध्यें महायाजकानें याकोबास दगडमाराची शिक्षा देवविल्याची हकीकत आहे. याकोबाची ओळख तेथें, ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ, एवढीच दिली आहे. हें भाविकानें घुसडलें असतें, तर 'म्हणतात' हा शब्द त्यास रुचला असता काय?

रोमन इतिहासकार टॅसिटस याची साक्ष अधिक स्वच्छ आहे. इ. स. ६४ च्या रोमच्या आगीचा दोष निरोनें ज्यांच्यावर लादला, त्या ख्रिस्ती लोकांच्या मूळ पुरुषास तिबेरियसच्या कारकीर्दींत पंतय पिलातानें देहान्त शासन केलें, असें तो तुच्छतेनें नोंदवितो. पिलाताचा हुद्दा तो चुकीचा देतो, हें १९६१ मध्यें कैसरियास सांपडलेल्या शिलालेखावरून दिसलें. पण हुद्दा चुकला म्हणून माणूस नाहींसा होत नाहीं. येशू होऊन गेला व त्यास ठार करण्यांत आलें, इतकें या लेखांनीं सिद्ध होतें. तो पुन्हां उठला कीं नाहीं, याचा निवाडा कोणतेंही रोमन दप्तर करणार नाहीं.

आमच्या मतें सर्वांत मोलाचा कागद प्लिनीचा. बिथिनिया-पोन्तसचा हा सुभेदार इ. स. ११२ च्या सुमारास ट्राजन बादशहास पत्रानें विचारतो कीं, या लोकांचें करावें काय? ते ठराविक दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात, ख्रिस्तास देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. आंत आणखी कांहीं काळेंबेरें आहे काय, हें काढण्यासाठीं त्यानें मंडळींत सेविका म्हणविणाऱ्या दोन दासींचा छळ करून जबानी घेतली. हातीं लागली ती, त्याच्या मतें, निव्वळ अतिरेकी अंधश्रद्धा. बादशहानें उत्तरीं कळविलें कीं, यांना मुद्दाम हुडकूं नये व निनावी तक्रारी घेऊं नयेत. जोसेफसच्या एका ओळीवर तासचे तास भांडणारे वकील या दोन दासींकडे क्वचितच वळतात. त्यांचीं नांवें लिहून ठेवावीं असें प्लिनीसही वाटलें नाहीं.