विमान नको, आधी जीपीएस घ्या

ॲड-ऑनचा सेल लागला की सिम्युलेटरवाल्या पोरांच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. कुठलं विमान घ्यायचं? कोणाला एअरबस हवं असतं, कोणाला ७३७, तर कोणाला थेट लढाऊ विमान. पॉकेटमनी साठवून घेतलेलं ते विमान पंधरा दिवस उडतं आणि मग हार्ड डिस्कवर धूळ खातं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तुम्हाला खरंच पायलट व्हायचं असेल तर पहिली खरेदी विमानाची नको, एका चांगल्या जीपीएस युनिटची करा. स्क्रीनवर जेमतेम तळहाताएवढी दिसणारी ही डबी तुम्हाला जे शिकवेल, ते चकचकीत जम्बो जेट शिकवणार नाही.

आधी मुद्दा समजून घेऊ. पावसाळ्यात ढग खाली उतरले की धावपट्टी दिसत नाही. अशा वेळी पायलट फक्त उपकरणांच्या भरवशावर, ठरलेल्या बिंदूंवरून, ठरलेल्या उंचीने खाली येतो. याला म्हणतात इन्स्ट्रुमेंट अप्रोच. ठरावीक उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर हट्ट न करता पुन्हा वर जायचं. तो मिस्ड अप्रोच. पूर्वी हे सगळं जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणांवर चालायचं. आयएलएस आजही आहेच, पण आता उपग्रहांच्या आधारे होणारे अप्रोच झपाट्याने वाढताहेत.

आपल्याकडेही ते आले आहेत. इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीने मिळून ‘गगन’ ही यंत्रणा उभी केली. ती जीपीएसच्या सिग्नलमधल्या चुका सुधारून विमानाला पाठवते. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला ‘गगन’च्या मदतीने उतरलं. विमानतळावर आयएलएस बसवलेलं नसलं, तरी डावं-उजवं आणि वर-खाली असं दोन्ही मार्गदर्शन यातून मिळतं. छोट्या शहरांतल्या विमानतळांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे, ते वेगळं सांगायला नको. म्हणजे आज कॉलेजात असलेली पिढी उद्या कॉकपिटमध्ये बसेल, तेव्हा हे अप्रोच तिचं रोजचं काम असेल.

मग सिम्युलेटरमध्ये आधीच असलेलं जीपीएस का चालत नाही? जुन्या सिम्युलेटरमध्ये ते नावालाच होतं. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये त्या डबीवर फ्लाइट प्लॅन बदलतासुद्धा यायचा नाही. त्यातला डेटाही तिथेच गोठलेला. २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेलं गोव्याचं मोपा विमानतळ त्याला कुठून माहीत असणार? प्रत्यक्ष विमानांत हा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. नवे सिम्युलेटर याबाबतीत बरेच सुधारलेत. एक्स-प्लेनमध्ये सोबत मिळणारं ४३० आणि ५३० सुरुवातीला पुरेसं आहे. पण रिॲलिटी एक्सपी किंवा टीडीएससारखी ॲड-ऑन्स आणखी पुढे जातात. गार्मिनने पायलटांच्या सरावासाठी बनवलेलं ट्रेनर सॉफ्टवेअरच ती आतून वापरतात. त्यामुळे बटण दाबल्यावर जे होतं, ते नक्कल करणाऱ्याने अंदाजाने लिहिलेलं नसतं. खऱ्या युनिटचं डोकंच तिथे चालत असतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. जीपीएसवर अप्रोच ‘लोड’ करणं आणि ‘ॲक्टिव्हेट’ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४३० वर आयएलएस अप्रोच निवडलात तर फ्रिक्वेन्सी स्टँडबायमध्ये येऊन बसते. ती पुढे आणायचं काम तुमचं. सुई जीपीएसचं ऐकतेय की आयएलएसचं, हे ठरवणारं एक छोटं बटण आहे. ते चुकलं तर सुई मधोमध असूनही तुम्ही भलत्याच गोष्टीचा पाठलाग करत असता. मार्गावर असताना सुई कडेला टेकली म्हणजे तुम्ही काही सागरी मैल भरकटलेले असता. शेवटच्या टप्प्यात तीच सुई ०.३ मैलाला कडेला टेकते. मिस्ड अप्रोचच्या बिंदूवर तर युनिट आपणहून थांबतं आणि पुढचा मार्ग दाखवायला तुमच्या हुकमाची वाट पाहतं. हे सगळं तुम्ही खऱ्या विमानात पहिल्यांदा शिकणार असाल तर अवघड आहे. कमर्शियल लायसन्ससाठी किमान २०० तास उडावं लागतं. त्यातल्या एकेका तासासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, कुठे जमीन विकलेली असते. तो तास बटणं शोधण्यात घालवायचा?

यावर अनुभवी मंडळींचा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. घरच्या सिम्युलेटरवर पोरांना वाईट सवयी लागतात. बाहेर बघायचं सोडून डोळे पॅनलवर खिळतात, कंट्रोलचा हाताला अंदाज येत नाही, ते तास लॉगबुकातही धरले जात नाहीत. मान्य. लँडिंग शिकायला सिम्युलेटर कच्चाच. पण इन्स्ट्रुमेंट अप्रोचमध्ये बाहेर ढगच असतो, डोळे आतच ठेवायचे असतात. म्हणजे जी सवय इतर वेळी वाईट, ती इथे गरज आहे. घरच्या सिम्युलेटरला जे सगळ्यात चांगलं जमतं, ते हेच.

खरा धोका दुसराच आहे. स्क्रीनवर दिसणारी मॅजेंटा रंगाची रेषा. ती फार गोड असते. तिच्यावर विमान ठेवलं की सगळं बरोबर चाललंय असं वाटतं. १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन वॉरन वँडरबर्ग यांनी याच प्रवृत्तीवर व्याख्यान दिलं होतं आणि असल्या पायलटांना ‘मॅजेंटाची मुलं’ म्हटलं होतं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २० डिसेंबर १९९५ ला, त्यांच्याच कंपनीचं ७५७ विमान कोलंबियात कालीजवळ डोंगरावर आदळलं. क्रूने ‘रोझो’ या बिंदूसाठी कॉम्प्युटरला ‘आर’ हे अक्षर दिलं. कॉम्प्युटरने बोगोटाजवळचा ‘रोमिओ’ निवडला आणि विमान वळलं. १६३ पैकी १५९ जण गेले. कॉम्प्युटरने सांगितलेलं काम चोख केलं होतं. आपण कुठे वळतोय हे नकाशावर वेळेत ताडून पाहिलं गेलं नाही.

आज तर सिग्नलवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. जीपीएस सिग्नल दाबून टाकणं किंवा खोटे सिग्नल सोडणं, असे प्रकार इतके वाढले की नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीएला त्यावर परिपत्रक काढावं लागलं.

म्हणून जीपीएस घ्या, पण त्याचे गुलाम होऊ नका. अप्रोचचा चार्ट आधी हाताने वाचा. भारतीय विमानतळांचे चार्ट एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑनलाइन फुकट देते. युनिटवर येणारा प्रत्येक बिंदू, प्रत्येक उंची त्याच्याशी जुळवा. पॉज बटण विसरून जा, कारण आकाशात ते नसतं. ढग पाचशे फुटांवर ठेवा आणि दर तिसऱ्या अप्रोचला मुद्दाम वर जा. आणि आठवड्यातून एकदा जीपीएस अर्ध्या वाटेत बंद करून उरलेला अप्रोच व्हीओआर किंवा आयएलएसवर पूर्ण करा. पैसे नसतील तर गार्मिनचा ट्रेनर तसाही मोफत मिळतो. बटणांचा सराव त्यावरही होतो.

पुढच्या सेलमध्ये विमानाच्या फोटोवर क्लिक करण्याआधी एवढंच स्वतःला विचारा: आत्ता जे विमान आहे, ते ढगातून सुखरूप खाली आणता येतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नवं विमान घेऊन तुम्ही फक्त जास्त वेगाने हरवणार आहात.