घरची अमानत, घरच्याच पेटीत



घरातल्या कागदांसाठी पूर्वी एक लोखंडी पेटी असायची. निकाहनामा, सातबारा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं तिच्यात. आता निकाहाचं चित्रण, मुलांचे फोटो, दादीच्या आवाजातली दुआ हे सगळं घरभरच्या मोबाइलमध्ये विखुरलेलं असतं. मोबाइल पाण्यात पडला की ते गेलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. 15 जीबी भरली की महिन्याचं भाडं सुरू होतं.

कागदांचं मोल वेगळंच आहे. आपल्या मन्सूरी-पिंजारी, मोमीन अशा ओबीसी जमातींना जातीचा दाखला काढताना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. वाळवी लागलेल्या दाखल्यापायी मुलांचा प्रवेश अडतो. स्कॅन केलेली प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही, पण त्यावरचा नोंद क्रमांक आणि शाळेचं नाव हाती असेल तर शाळेकडून नवी प्रत मिळवणं सोपं होतं.

म्हणून या महिन्यात घरच्या साठवण सर्व्हरबद्दल लिहीत आहोत. नाव मोठं असलं तरी ही वस्तू म्हणजे कायम चालू राहणारा एक लहान संगणक आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क. घरातले सगळे मोबाइल वायफायवरून आपापले फोटो तिच्यात ठेवतात. बायकामुलांचे फोटो घराबाहेर जात नाहीत, हा वेगळा फायदा.

संगणक कोणता घ्यावा? तीन वाटा आहेत. पहिली, घरात पडलेला जुना लॅपटॉप. पडदा फुटला असला तरी चालतो, आणि त्याची बॅटरी वीज गेल्यावर काही वेळ सांभाळून घेते. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर ती काढूनच टाकावी, आगीचा धोका असतो. दुसरी वाट, कार्यालयांतून निघालेला जुना डेस्कटॉप. या कामाला चौथ्या पिढीचा आय-3 आणि 4 जीबी रॅम पुरेशी आहे. तिसरी, रास्पबेरी पाय किंवा एन-100 चिपचा लहान पीसी. विकत घ्यायला महाग, पण वीज कमी खातो. ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली तिन्हींवर चालते.

इथे विजेचा हिशेब करावाच. वर्षभर अखंड चालणारा 1 वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. जुना डेस्कटॉप 40 वॅट खात असेल तर वर्षाला 350 युनिट, 10 वॅटचा लहान पीसी 88 युनिट. युनिट 10 रुपये धरला तर फरक वर्षाला अडीच हजारांच्या वर जातो. स्वस्तात मिळालेली वस्तू दोन-तीन वर्षांत महाग पडते ती अशी. जुनाच डेस्कटॉप असेल तर रात्री बंद ठेवावा.

जुना माल घेताना पांढरकवड्याच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. कापसाच्या गाडीत आतपर्यंत हात घालून ओल पाहणारे आपण. रसूलुल्लाह (स.) यांनीही बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघड केली होती, आणि दोष झाकून विकणाऱ्याला ताकीद दिली होती. तसंच इथे करावं. झाकण उघडायला लावावं. मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर, गंज, बंद पडलेला पंखा पाहावा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने डिस्क किती तास चालली आणि तिचे किती भाग खराब झाले ते दिसतं. रॅम आणि प्रोसेसर जुने चालतात. डिस्क मात्र नवीच घ्यावी, आणि वीज पुरवणारा एसएमपीएस हलका असेल तर तोही बदलावा. तो बिघडला तर डिस्कलाही घेऊन जातो.

डिस्क घेताना सीएमआर आहे की एसएमआर, हे विचारावं. एसएमआर डिस्क मोठा मजकूर सलग लिहिताना फार मंदावते. लेबलवर हे बहुधा लिहिलेलं नसतं. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, तेव्हा जगभर ओरड झाली. मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत तपासून घ्यावा. राउटरचं पोर्टही गिगाबिट असावं. 1 टीबी उतरवायला गिगाबिटवर अडीच तास लागतात, 100 मेगाबिटच्या पोर्टवर एक अख्खा दिवस.

आता आपल्या हवामानाचं. मे महिन्यात इथला पारा 45 च्या आसपास जातो, आणि बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंशांची असते. टिनाच्या छताखाली किंवा बंद कपाटात ती मर्यादा लांब राहत नाही. मशीन खालच्या खोलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. मृगाच्या आधीच्या वादळात वीज दहादा येते-जाते, म्हणून लहान यूपीएस आवश्यक. पैसे कमी असतील तर वेगवान प्रोसेसर सोडावा, यूपीएस सोडू नये. कडकडाट सुरू झाला की मशीन रीतसर बंद करून प्लग आणि केबल दोन्ही काढावेत.

एका मशीनमध्ये दोन डिस्क जोडून एकच मजकूर दोन्हींवर ठेवता येतो. पण त्यावर विसंबू नये. चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून पुसला जातो, आणि वीज पडली तर दोन्ही जातात. तेवढ्याच पैशात दुसरी डिस्क बाहेरून जोडायची घ्यावी, भरून झाली की यवतमाळला दिलेल्या लेकीच्या किंवा नागपूरच्या भावाच्या घरी ठेवावी, आणि जाण्यायेण्यात ताजी करत राहावं.

व्याजाच्या हप्त्यावर यातलं काहीही घेण्याची गरज नाही. आधी एक नवी डिस्क घेऊन जुन्या लॅपटॉपला लावा. पुढे यूपीएस, मग दुसरी डिस्क. मशीन नंतर बदलता येते. गरजेपेक्षा मोठी पेटी घेणं इस्राफ, आणि दादीचा आवाज एकाच मोबाइलवर ठेवणं अमानतीकडे दुर्लक्ष. या जुम्याला घरातले जुने कागद काढा, उजेडात एकेकाचा फोटो घ्या, आणि फाइलला नाव-साल द्या. डिस्क येईपर्यंत हे काम तरी झालेलं असेल, इन्शाअल्लाह.